विरळ हवेचा हिशेब

मनालीहून लेहकडे जाताना, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमाजवळ तांडी नावाचं ठिकाण लागतं. तिथल्या पेट्रोल पंपाजवळचा फलक मोटरसायकलवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं तो सांगत असे. त्या फलकाशेजारी उभं राहून फोटो काढणं हा लडाखच्या वारीचा एक विधीच होऊन बसला. फोटो हौसेचा असला, तरी फलकावरचा मजकूर हौसेचा नव्हता. पुढं बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला या खिंडी लागतात. त्यांची उंची साधारण ४,८०० ते ५,३०० मीटरच्या आसपास आहे. मधे वस्ती म्हणजे हंगामी तंबू. तिथं गाडी बंद पडली आणि रात्र पडली, तर प्रश्न गाडीपुरता उरत नाही.

या एका शक्यतेभोवती लांबच्या प्रवासाला निघणारे मोटरसायकलवाले गेली तीसेक वर्षं एक वाद घालत आहेत: गाडी कार्बोरेटरची असावी की फ्युएल इंजेक्शनची? कार्बोरेटरवाले म्हणतात, ‘आमची गाडी कुठलाही मेस्त्री पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन रस्त्याच्या कडेला खोलू शकतो.’ इंजेक्शनवाले म्हणतात, ‘आमची खोलायची वेळच येत नाही.’ दोन्ही विधानं बऱ्याच अंशी खरी आहेत, आणि म्हणूनच वाद संपत नाही.

या वादाचा इतिहास पाहिला तर मात्र तो थोडा वेगळा दिसू लागतो. दोन्ही यंत्रांचं काम एकच: आत्ता इंजिनात जाते आहे तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागेल, हे ठरवणं. त्यासाठी हवा किती आहे, हे कुणाला तरी कळावं लागतं. कार्बोरेटरच्या काळात ते गाडी चालवणाऱ्याला आणि मेस्त्रीला कळत असे. इंजेक्शनमध्ये ते एका बंद डबीला कळतं. बदललं ते मुख्यतः हे, आणि हा बदल प्रवाशांनी मागितला म्हणून झालेला नाही.

वजन न करता माप देणारा दुकानदार

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचा बारीक फवारा किंवा वाफ करून हवेत मिसळावी लागते, आणि तीही प्रमाणात. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ गोळा करत. १८९३च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी फवाऱ्याचा मार्ग काढला. हवेची वाट एका जागी अरुंद केली, की तिथं हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या जागी एका बारीक नळीचं तोंड उघडं ठेवलं, की खालच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. वाटीतली पातळी कायम ठेवायला एक फ्लोट असतो. आपल्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, तसाच. पेट्रोल ज्या छिद्रातून येतं तो जेट. पुढच्या सव्वाशे वर्षांत या रचनेत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण गाभा हाच राहिला.

या यंत्रात वीज नाही, स्मृती नाही, आणि हलणारे भागही मोजकेच. त्याचं सौंदर्य यातच आहे, आणि मर्यादाही. कार्बोरेटर हवेचं वजन करत नाही. त्याला फक्त ओढ कळते. रोजचं गिऱ्हाईक बघून अंदाजानं माप टाकणाऱ्या दुकानदारासारखा तो आहे. गिऱ्हाईक तेच असेपर्यंत त्याचं चुकत नाही.

खार्दुंग लाच्या माथ्यावर गिऱ्हाईक बदलतं. तिथल्या जुन्या फलकावर उंची १८,३८० फूट लिहिलेली असली, तरी उपग्रहांच्या मदतीनं केलेल्या मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या निम्मा असतो. थंडीमुळे हवा जरा आक्रसते, म्हणून घनता निम्म्याहून किंचित जास्त, साधारण ५८ टक्के उरते. म्हणजे इंजिनात प्रत्येक फेरीला मुंबईत १०० ग्रॅम हवा जात असेल असं धरलं, तर इथं ५८ ग्रॅम जाते. पेट्रोलही ५८ टक्क्यांवर आलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण जेटमधून ओढलं जाणारं पेट्रोल हवेच्या घनतेच्या नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. ०.५८चं वर्गमूळ ०.७६. हवा ५८ टक्के आणि पेट्रोल ७६ टक्के. मुंबईत १४.७ला एक असलेलं प्रमाण इथं ११ला एकच्या आसपास येतं. मेस्त्री याला गाडी रिच झाली म्हणतात. प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, गाडी मिसिंग मारते, आणि चढावर पहिल्या गिअरमध्येही रडते. शिवाय पेट्रोलही जास्त खाते, नेमकं पुढचा पंप लांब असतानाच.

यावर उपाय होते, आणि ते चालवणाऱ्याच्या हातात होते. मेन जेट एक-दोन नंबरांनी लहान बसवायचा. नीडलची क्लिप एक खाच वर सरकवायची, म्हणजे नीडल खाली बसते आणि पेट्रोल कमी येतं. हवेचा स्क्रू थोडा फिरवायचा. काही जण एअर फिल्टरचं झाकणच काढून ठेवत. धुळीच्या रस्त्यावर इंजिनाच्या आयुष्याशी केलेला हा सौदा होता. परत उतरताना हे सगळं उलटं करायचं. नाही केलं, तर खालच्या दाट हवेत पेट्रोल कमी पडून इंजिन तापायचं. पुढं आलेल्या, व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणाऱ्या कार्बोरेटरांनी हा त्रास काहीसा कमी केला, पण संपवला नाही.

एक गोष्ट मात्र वादात नेहमी निसटते. इंजेक्शनची गाडी वर गेली म्हणून तिला जास्त प्राणवायू मिळत नाही. तिचं मिश्रण बिघडत नाही, एवढंच. हवा ५८ टक्के, तर ताकदही साधारण तेवढीच. कार्बोरेटरची गाडी त्या उंचीवर दमते आणि वर गुदमरते. इंजेक्शनची नुसती दमते.

आधी विमानांना पडलेला प्रश्न

विरळ हवेचा हा हिशेब मोटरसायकलींच्या आधी विमानांना करावा लागला. कार्बोरेटरवर चालणाऱ्या विमानांत वैमानिकाजवळ मिश्रणासाठी एक वेगळा दांडा असे. उंची वाढेल तसं त्यानं पेट्रोल कमी करायचं. म्हणजे लडाखच्या चढावर बुलेटवाला क्लिप सरकवत होता, तेच काम वैमानिक उडता उडता करत होता. हवा किती आहे, हे इथंही माणसालाच कळत होतं.

दुसऱ्या महायुद्धात या यंत्राचा आणखी एक दोष उघडा पडला. ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतल्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्बोरेटर होता. वैमानिकानं एकदम नाक खाली केलं की वाटीतलं पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. मागावर असलेल्या जर्मन मेसरश्मिट १०९ला हा त्रास नव्हता, कारण तिच्या इंजिनात पेट्रोल थेट इंजेक्ट होत असे. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या बिॲट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीनं १९४१ साली यावर उपाय काढला. पेट्रोलच्या वाटेत बसवायचा, नेमक्या मापाचं छिद्र असलेला धातूचा एक छोटासा तुकडा. इंजिन न उतरवता, थेट विमानतळावर जाऊन तो बसवता येत होता. दोष पूर्ण गेला नाही, पण वैमानिकांचा जीव वाचवण्याइतका कमी झाला.

ही शिलिंग युद्धाआधी मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरत असे. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिनं नॉर्टनवरून ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगानं फेरी मारली होती. कार्बोरेटर हातानं खोलून ओळखीचा झालेल्या माणसाला एका भोकाच्या तुकड्यानं लढाईतला प्रश्न सोडवता आला. कार्बोरेटरच्या बाजूनं यापेक्षा चांगली साक्ष मिळणं अवघड. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की इंजेक्शनच्या विमानाला असा तुकडा लागलाच नव्हता.

युद्धानंतर यांत्रिक इंजेक्शन मोटारींत आलं; १९५४ची मर्सिडीझ ३०० एसएल हे त्याचं गाजलेलं उदाहरण. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीनं १९५०च्या दशकाच्या शेवटी केलेला प्रयोग फसला. तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग मोटारीतली उष्णता आणि हादरे सोसण्याइतके भरवशाचे नव्हते. ते जमलं बॉशला, १९६७ साली, फोक्सवॅगन १६००मध्ये. आणि का जमवलं? त्या गाड्या अमेरिकेत विकायच्या होत्या आणि तिथं धुराचे नियम कडक होत चालले होते. मिश्रण सतत नेमकं ठेवायचं तर अंदाजी माप चालणार नव्हतं. डोंगरात जाणाऱ्या कुणाचाही विचार त्यामागं नव्हता.

मोटरसायकलींत हे तंत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं: १९८०ची कावासाकी झेड १०००, १९८२ची होंडा सीएक्स ५०० टर्बो, १९८३ची बीएमडब्ल्यू के १००. तिन्ही गाड्या पक्क्या, गुळगुळीत रस्त्यांच्या. जगप्रवासाला निघणारे तेव्हा याकडे ढुंकून बघत नव्हते.

जगाच्या वाटेवर

ऑक्टोबर १९७३मध्ये टेड सायमन हा ब्रिटिश पत्रकार लंडनहून ट्रायम्फच्या ५०० सीसी टायगर १०० मोटरसायकलवर निघाला आणि चार वर्षांत ४५ देशांतून एक लाखाहून अधिक किलोमीटर फिरून परतला. भारतही त्या वाटेवर होता. त्याच्या ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ या १९७९च्या पुस्तकानं पुढच्या पिढ्यांना घराबाहेर काढलं. पुस्तकात दुरुस्त्या पुष्कळ आहेत. पण ज्या अडचणींनी त्याला अडवून ठेवलं, त्या कार्बोरेटरच्या नव्हत्या. पिस्टन, टायर, वीज, हीच नेहमीची दुखणी. शिवाय गाडी दुरुस्त होण्यामागं अनोळखी गावातले मेस्त्री आणि हत्यारं देणारी माणसं होती. गाडी सोपी होती म्हणून त्यांना मदत करता आली, हे खरं. पण त्यांनी त्या जातीची गाडी आधी पाहिलेली असणं हेही तितकंच महत्त्वाचं होतं. ब्रिटिश गाड्या आणि त्यांवरचे ॲमलचे कार्बोरेटर निम्म्या जगात पोचलेले होते.

१९८० साली बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस बाजारात आणली आणि लांब पल्ल्याची, दगडधोंड्यांतून जाणारी मोठी मोटरसायकल हा प्रकारच रूढ झाला. १९८१ ते १९८५ या काळात या घराण्यातल्या गाड्यांनी पॅरिस-डाकार शर्यत चार वेळा जिंकली. तिच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले आणि प्रत्येकामागं एक बिंग कार्बोरेटर. त्याची वाटी एका तारेच्या कडीनं अडकवलेली असते. कडी बोटानं सरकवली की वाटी हातात येते. पाना लागत नाही. वाटीत पाणी किंवा कचरा आला असेल तर ओतून टाकायचा, पुसायची, परत लावायची. वाळवंटात पिंपातून पेट्रोल भरणाऱ्याला ही सोय किती मोलाची वाटली असेल, ते सांगायला नको.

आणि मग १९९४ची आर ११०० जीएस आली. नाव तेच, काम तेच, पण आत बॉशचं मोट्रॉनिक इंजेक्शन. जगप्रवाशांचा वाद खऱ्या अर्थानं पेटला तो इथं. वाळवंटातल्या गाडीत संगणक? पण गाड्या चालत राहिल्या. पुढच्या दहा वर्षांत या घराण्यातल्या इंजेक्शनच्या गाड्या सहारात, अँडीजमध्ये, सैबेरियात सगळीकडे दिसू लागल्या.

२००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते आर ११५० जीएसवरून लंडनहून पूर्वेच्या वाटेनं न्यूयॉर्कला गेले. त्यांच्याबरोबर क्लॉडियो फॉन प्लांटा हा कॅमेरामन होता. मंगोलियात त्याच्या बीएमडब्ल्यूची फ्रेम तुटली. गाडी ट्रकवर घालून पुढं पाठवली आणि त्याच्यासाठी इझ प्लॅनेटा ही रशियन टू-स्ट्रोक गाडी स्थानिक बाजारात विकत घेतली. ती वारंवार बंद पडली, आणि वाटेत भेटणाऱ्या मंगोल माणसांनी ती वारंवार सुरू करून दिली. कार्बोरेटरवाल्यांना हा प्रसंग फार आवडतो. नीट पाहिलं तर त्यात दोन्ही बाजूंना सोयीचं काहीच नाही. बीएमडब्ल्यू अडली ती लोखंडामुळे, इंजेक्शनमुळे नाही. आणि रशियन गाडी चालू राहिली ती चांगली होती म्हणून नाही, तर त्या देशात तिला ओळखणारी माणसं होती म्हणून.

सायमन २००१ साली, वयाच्या ६९व्या वर्षी, त्याच मार्गानं पुन्हा निघाला. तेव्हा बाजारात इंजेक्शनची जीएस मिळत होती. त्यानं घेतली कार्बोरेटरची आर ८० जीएस.

बुलेटची पंचेचाळीस वर्षं

भारतात हा वाद उशिरा आला, पण आला तो मोठ्या प्रमाणावर. भारतीय सैन्यानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या गस्तीसाठी रॉयल एनफिल्डची ३५० सीसी बुलेट निवडली, आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा मूळ कारखाना पुढं बंद झाला. मद्रासची बुलेट मात्र जवळजवळ तशीच निघत राहिली. १९७४ साली लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस मनाली-लेह रस्ताही. तिथं जायला देशातली साधारण एकच गाडी योग्य मानली जात होती.

बुलेट कुठंही दुरुस्त होते, हे वाक्य त्या काळातलं. ते खरं होतं, पण त्याचं कारण आपण चुकीचं लावतो. कार्बोरेटर सोपा असतो म्हणून ती कुठंही दुरुस्त होत नव्हती. ती पंचेचाळीस वर्षं तीच होती म्हणून होत होती. वडिलांनी खोललेलं इंजिनच मुलगा खोलत होता. दिल्लीच्या करोल बागेत, मनालीत, लेहमध्ये जी गॅरेजं वाढली, त्यांच्या भिंतीवर लटकलेला प्रत्येक सुटा भाग पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीला बसणारच होता. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला पसरलेलं होतं. आणि ते फुकट नव्हतं. बुलेट इतकी वारंवार खोलावी लागे, की तिचे मालक आणि मेस्त्री शिकले नसते तरच नवल.

इंजेक्शन आपल्याकडे आलं ते मात्र शहरी गाड्यांतून. २००६ साली हिरो होंडानं ग्लॅमर एफआय काढली. २००७मध्ये पुण्याच्या बजाजनं पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली. मग एक मजेची गोष्ट घडली, जी या इतिहासात सहसा कुणी सांगत नाही. २००९ साली बजाजनं त्याच पल्सर २२०चं इंजेक्शन काढून टाकलं आणि कार्बोरेटर बसवला. किंमत बरीच खाली आली, ताकद कमी होण्याऐवजी किंचित वाढली, आणि गाडी धो धो खपली. म्हणजे तंत्रज्ञान एकाच दिशेनं पुढं जातं, हे खरं नाही. बाजारावर सोपवलं असतं तर भारतात कार्बोरेटर आणखी बराच काळ टिकला असता.

त्याच २००९ साली रॉयल एनफिल्डनं क्लासिक ५०० इंजेक्शनसह आणली, पण ३५०च्या गाड्यांत कार्बोरेटर राहिला. मार्च २०१६मध्ये त्यांनी खास डोंगरी प्रवासासाठी बेतलेली, नावच हिमालयन असलेली ४११ सीसीची गाडी काढली. कोऱ्या कागदावर नव्यानं आखलेल्या या गाडीतही त्यांनी कार्बोरेटरच बसवला. पुढच्याच वर्षी तो जाऊन इंजेक्शन आलं. निमित्त होतं बीएस-४ नियमांचं. २९ मार्च २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली, आणि देशभरच्या दुकानांत शेवटच्या दोन दिवसांत गाड्या घसघशीत सवलतीत विकायची झुंबड उडाली.

कार्बोरेटरला बीएस-४नं पूर्ण बंदी केली नव्हती. म्हणूनच मे २०१९मध्ये हिरोनं एक्सपल्स २०० काढली, तेव्हा गिऱ्हाइकासमोर खरोखर दोन पर्याय होते. तीच गाडी, कार्बोरेटरची ९७ हजारांना आणि इंजेक्शनची एक लाख पाच हजारांना. तीस वर्षांचा वाद आठ हजार रुपयांच्या फरकावर येऊन थांबला होता. पण निकाल गिऱ्हाइकांनी लावायच्या आधीच तारीख आली. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं. एवढ्या कडक मर्यादेत अंदाजी माप बसेना, आणि कार्बोरेटर नव्या मोटरसायकलींतून जवळपास नाहीसा झाला.

खार्दुंग लावर आज नवी गाडी न गुदमरता चढते, ती सोय कुणी तिच्यासाठी केलेली नाही. ती शहरांतल्या धुरासाठी केलेल्या कायद्याचा जोडपरिणाम आहे. तो कायदा चुकीचा होता, असं शहरात श्वास घेणारा कुणी म्हणणार नाही. पण त्यातून एक हस्तांतर झालं, आणि त्याची चर्चा झाली नाही.

डबीच्या आत

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला विजेचा पंप पेट्रोलवर सुमारे तीन बारचा दाब ठेवतो. थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती तापलंय, आत जाणाऱ्या हवेचा दाब किती, तापमान किती, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरलाय, हे सेन्सर सांगतात. त्यावरून ईसीयू इंजेक्टर सेकंदाच्या किती हजाराव्या भागापुरता उघडायचा ते ठरवतो. हवा खरोखर मोजली जाते. उंची वाढली, गारठा पडला, भेसळीचं पेट्रोल आलं, तरी ती डबी जमवून घेते. आता सर्वत्र २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यानं अशा पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. जुन्या कार्बोरेटरला हे कळायचा मार्ग नाही. सपाटीवर त्याचं मिश्रण पातळ होतं. खार्दुंग लावर, योगायोगानं, थोडं सुधारतं. शेवटी तो अंदाजच.

बिघडण्याची पद्धत मात्र दोघांची वेगळी आहे, आणि प्रवाशाच्या दृष्टीनं महत्त्वाचं तेच. कार्बोरेटर बिघडतो तो हळूहळू, कुरकुरत. गाडी मिसिंग मारते, ओव्हर होते, पण बहुधा पुढच्या गावापर्यंत नेते. इंजेक्शन क्वचित बिघडतं. पण पंपानं दम तोडला, तर गाडी जागच्या जागी उभी राहते. कॅनमधून विकत घेतलेल्या पेट्रोलातलं पाणी कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी बसतं आणि स्क्रू सैल करून काढता येतं. इंजेक्शनमध्ये तेच पाणी, तीच माती टाकीतल्या पंपाच्या जाळीवर जाते. बॅटरी पार उतरली, तर पंप फिरत नाही, आणि किक असली तरी बहुतेक गाड्यांत तिचा उपयोग होत नाही. रोजची छोटी कटकट हवी की वर्षानुवर्षांतून एकदा येणारं मोठं संकट, असा हा सौदा आहे. दहा जणांच्या ताफ्यात, मागून येणाऱ्या सर्व्हिस गाडीसह जाणाऱ्याला दुसरा पर्याय निःसंशय चांगला. एकट्यानं, महिनोन्‌महिने जाणाऱ्याचा हिशेब इतका सरळ नसतो.

सावधगिरी नव्या प्रकारची लागते. पेट्रोल कापडातून गाळून भरायचं, टाकी कधी अगदी तळाला जाऊ द्यायची नाही, रिले, फ्यूज आणि शक्य असेल तर पंपाची जाळी किंवा पंपच जवळ ठेवायचा. मेन जेटांच्या डबीची जागा या पुडक्यानं घेतली, इतकंच. पण एक फरक उरतो. जेट बदलणाऱ्याला काय चुकतंय हे कळत होतं. ईसीयूनं लावलेला पिवळा दिवा फक्त काहीतरी चुकतंय एवढंच सांगतो. नेमकं काय, ते वाचायला यंत्र लागतं, आणि कित्येकदा कंपनीचंच यंत्र लागतं. बीएस-६मुळे गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवणं सक्तीचं झालं. नोंद आहे; ती वाचण्याचा हक्क कुणाचा, हा वेगळा प्रश्न आहे. केंद्र सरकारनं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारी-मोटरसायकली तिच्या विषयांत घेतल्या, ते याच कारणानं.

केलाँग किंवा लेहच्या मेस्त्रीला इंजेक्शन येत नाही, असं समजण्याचंही कारण नाही. ज्यानं कार्बोरेटर ऐकून लावला, त्याला पंपाचा आवाज ऐकून पंप गेला की रिले, हे कळायला फार दिवस लागत नाहीत. अशा गॅरेजांतली पोरं आता स्वस्तातले स्कॅनर आणि मोबाईल वापरून दोष शोधतात. त्यांना अडवणाऱ्या गोष्टी दोनच: दर दोन-तीन वर्षांनी बदलणारं मॉडेल आणि कुलूपबंद माहिती. बुलेटची पंचेचाळीस वर्षं यांपैकी कुठलीही अडचण नव्हती. तिचे भाग बदलत नव्हते आणि तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. रस्त्याकडेचं शहाणपण त्या दोन गोष्टींवर पोसलं गेलं. त्याचं श्रेय आपण कार्बोरेटरला देत राहिलो.

त्यामुळे यापुढं डोंगरात न्यायची गाडी निवडताना कार्बोरेटर की इंजेक्शन, हे विचारण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. त्याचं उत्तर कायद्यानं देऊन टाकलं आहे. विचारायचं ते असं: ही गाडी किती वर्षं अशीच राहणार आहे? तिचा पंप लेहच्या बाजारात मिळतो का? आणि तिच्या डबीत लिहिलेलं कंपनीबाहेरच्या कुणाला वाचता येतं का? यांची उत्तरं होकारार्थी असतील, तर आत जेट आहे की इंजेक्टर, याची तांगलांग लावर कुणाला फारशी चिंता करावी लागणार नाही.